कृष्णाबाईचा उत्सव संपला की वर्षभर घाट कोणाचा?

घाटपायरी (धागाकर्ती)

माघ तोंडावर आला की आमच्या वाईत एकमेकांना पहिला प्रश्न असतो, "यंदा तुमच्याकडे कीर्तनाला कोण?"

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. वाईत कृष्णेवर सात घाट आहेत आणि प्रत्येक घाटाला त्याची आळी आहे. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, धर्मपुरी, रामडोह आळी, भीमकुंड आळी. माघ-फाल्गुनात ओळीने एकेका घाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. मांडव पडतो, देवीला नेसवून, दागिने घालून बसवतात. ओट्या भरल्या जातात. संध्याकाळी कीर्तन, प्रवचन, गाणं, आणि शेवटी महाप्रसाद. अफझलखान वाईचा सुभेदार होता. त्याच्या स्वारीचं संकट टळावं म्हणून बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. खान मारला गेला १० नोव्हेंबर १६५९ला. तिथून मोजलं तर साडेतीनशे वर्षं केव्हाच उलटली.

माझी आजी नदीत पाय टाकण्याआधी खाली वाकून पाणी डोळ्यांना लावायची. "आधी आईला हात, मग पाय." नदीत चूळ भरलेली दिसली की कोणाचंही पोर असो, धपाटा ठरलेला. उत्सवात आम्ही मुली कीर्तन ऐकता ऐकता घाटाच्या पायरीवरच झोपून जायचो. दगड दिवसभराच्या उन्हाने कोमट असायचा आणि पाण्याचा आवाज झांजांच्या मधल्या जागेत ऐकू यायचा. तो आवाज माझ्या अजून कानात आहे.

गेल्या वर्षी महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या पूजेला पाणी आणायला कळशी घेऊन उतरले. काठाला चकचकीत द्रोण अडकले होते. निर्माल्याची पिशवी गाठ मारून तशीच पाण्यात टाकलेली होती. थोडं वर एका नाल्याचं करडं पाणी सरळ पात्रात उतरत होतं. आदल्याच दिवशी तिथून चार पावलांवर आम्ही बायकांनी ओट्या भरल्या होत्या. मी कळशी रिकामीच घरी आणली. सासूबाईंनी काही विचारलं नाही, मी काही बोलले नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. उत्सवाचे दिवस कोणाचे, मांडव कोणाचा, वाढपी कोण, वर्गणी कोण गोळा करणार, हे सगळं आळीला पाठ आहे. मग तीच आळी उरलेले दहा महिने आपल्या घाटाकडे का बघू नये? नवीन संस्था काढायची नाही, नवीन अध्यक्ष नको. उत्सवाच्या याच घडीतून हे व्हावं. दर पौर्णिमेला संध्याकाळी त्या त्या आळीने आपल्या घाटावर तासभर भजन-गाणं करावं, आणि त्याआधी तासभर घाट झाडावा, एवढीच कल्पना आहे.

कुणी आपल्या नदीवर असं काही केलंय का? काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा.

---

टाळकरी

ताई, धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घरात दोन पिढ्या नारदीय कीर्तन आहे. मी स्वतः करत नाही, साथीला असतो.

कीर्तनातून नदी आणायची असेल तर ती पूर्वरंगात आणा. पूर्वरंगात बुवा एक अभंग घेतात, त्याचा अर्थ उलगडतात, दाखले देतात. तिथे आजचा घाट, आजचं पाणी, आपल्या घरातला साबण, सगळं बसतं. उत्तररंगात आख्यान रंगलेलं असतं. लोक कथेत बुडालेले असताना मध्येच "नदीत कचरा टाकू नका" म्हटलं की कथाही जाते आणि उपदेशही जातो. बुवांना बिदागी ठरवतानाच हे सांगून ठेवा. दोन दिवस आधी त्यांना घाटावर फिरवून आणा. डोळ्यांनी बघितलेलं बुवा जे बोलतील, ते तुम्ही लिहून दिलेल्या कागदातून यायचं नाही.

आणि झाडण्याचं म्हणाल तर गाडगेबाबांनी घालून दिलेली वाट समोर आहे. गावात आले की आधी खराटा हातात, दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन. झाडताना ज्यांनी त्यांना पाहिलं तीच माणसं रात्री समोर बसायची. म्हणून तुमचा क्रम अगदी बरोबर आहे. आधी झाडू, मग टाळ. हा क्रम उलटा करू नका, गाणं झालं की लोक घरी जातात.

---

नमुना_बाटली

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नये.

मी आयुष्यभर पाण्याचे नमुने तपासण्याचं काम केलं. नदी मरते ती मुख्यतः सांडपाण्याने. घराघरातलं न्हाणीघराचं, संडासाचं पाणी प्रक्रिया न होता पात्रात येतं, त्याने. द्रोण आणि निर्माल्य डोळ्याला खुपतात म्हणून आपण ते उचलतो, फोटो काढतो आणि काम झालं असं वाटतं. नाला वाहतच राहतो. अनेक ठिकाणी नदीकाठची आरती, दिवे, गाणी पाहिली. दुसऱ्या दिवशी बाटली भरली तर आकडा तोच, कधीकधी वाईट. गाण्याने पाण्यातला प्राणवायू वाढत नाही.

अंघोळीयोग्य पाण्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मानक साधं आहे. विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त. बीओडी, म्हणजे जंतूंना घाण कुजवायला जेवढा प्राणवायू लागतो तो, ३ मिलिग्रॅम किंवा कमी. विष्ठेतले जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असावेत, २,५०० च्या वर कधीच नाही. पर्वकाळाला आपण म्हाताऱ्या माणसांना ज्या पाण्यात बुडी मारायला लावतो ते यात बसतं का, हा पहिला प्रश्न. उत्सवाचा पैसा आणि माणसांची ताकद नाल्याच्या मागे लावा, असं माझं मत आहे.

---

पंचगंगेकाठी

बाटलीकाका, तुमचं नाल्याबद्दलचं शंभर टक्के खरं. पण उत्सवाने काही बदलत नाही हे मान्य नाही. आमच्या कोल्हापूरचं बघा.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून आमची पंचगंगा. तिचं दुखणं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जलपर्णी, मेलेले मासे, फेस. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसं गेली. त्यानंतर मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि त्या व्हायलाच पाहिजेत.

पण घरगुती गणपतीचं बघा. आमच्या लहानपणी मूर्ती नदीत सोडली नाही तर विसर्जनच झालं नाही असं घरातली मोठी माणसं म्हणायची. आज गल्लोगल्ली काहिली ठेवलेल्या असतात. हो, गुळाच्या गुऱ्हाळातली ती काहीलच. त्यात मूर्ती बुडवायची आणि दान करायची. निर्माल्य वेगळं द्यायचं. पुरोगामी चळवळीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं घाटावर उभं राहून, शिव्या खाऊन, हात जोडून हे केलं. पहिल्या वर्षी कुणी मूर्ती देत नव्हतं. आता काहीलीपाशी आरती होते, पोरं ताशा वाजवतात, बाप्पाला निरोप तसाच गहिवरून दिला जातो. हा बदल सणाला बाहेरून नावं ठेवून आला नसता.

त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात. अंधार असतानाच अख्खं कोल्हापूर उतरतं. रांगोळ्या, भावगीतं, थंडी. मी दरवर्षी जातो. आमचा दहा-बारा जणांचा गट उजाडल्यावर थांबतो आणि पणत्या गोळा करतो, तेल-वातीसकट. पणत्या मातीच्याच असतात, पण तेल पाण्यावर पसरलं की तवंग धरतो. पहिल्या वर्षी आम्ही चौघे होतो. घाटपायरीताई, तुम्ही नदीत दिवे सोडणार असाल तर नका सोडू. पायरीवर लावा. पायरीवरचा दिवा पाण्यात दिसतोच की.

---

घाटपायरी

बाटलीकाका, राग अजिबात नाही. उलट तुमचा प्रतिसाद रात्री तीनदा वाचला.

तुम्ही म्हणता ते खरं, गाण्याने प्राणवायू वाढत नाही. पण नाल्याबद्दल कुणीतरी बोलायला उभं राहायला हवं ना? मी एकटी उभी राहिले तर "पाटणकरांच्या घरामागच्या गल्लीतली ती बाई" एवढंच होईल. घाटावर दीडशे माणसं दर पौर्णिमेला बसत असतील तर नाला त्यांच्याही नाकाशी असेल. तो वास त्यांनी घ्यावा म्हणूनच मला गाणं घाटावर हवंय, सभागृहात नको.

आणि तुमचे आकडे मला मांडवात हवेत. देणगीदारांच्या फलकाशेजारी दुसरा फलक, "आज कृष्णाबाईच्या पाण्यात प्राणवायू इतका." हे घरच्या घरी मोजता येतं का? काय लागतं?

(घराचं नाव आपलं उदाहरणादाखल लिहिलंय, तशी गल्ली शोधू नका.)

---

मुठेकाठची

पुण्याहून लिहितेय. आमच्याकडे मुठेला "मुठाई" म्हणायला लागलो तेव्हा काहींना ते नाटकी वाटलं. मला नाही वाटलं. वीस वर्षं लकडी पुलावरून रुमाल नाकाला लावून गेले होते, त्या पाण्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

जीवितनदी या गटाबरोबर मी काही रविवार गेले आहे. त्यांचा "नदीकिनारा दत्तक घेऊ या" हा उपक्रम तुमच्या आळीच्या कल्पनेच्या जवळचा आहे. सगळी नदी डोक्यावर घ्यायची नाही. एक तुकडा घ्यायचा आणि त्याच तुकड्यावर पुन्हापुन्हा जायचं. विठ्ठलवाडीला मुठेचा काठ, औंधजवळ रामनदी आणि मुळेचा संगम. तिथे झाडं ओळखतात, पक्षी मोजतात, मुलांना गोष्टी सांगतात, गाणी म्हणतात. सतत तिथे गेल्यामुळे काय बदललं हे लगेच कळतं. परवा नसलेला राडारोडा आज आला, तर त्याच दिवशी तक्रार जाते.

त्यांच्याकडून घेतलेली दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. भांड्याचा साबण, फरशीचं फिनाइल, कपड्यांची पावडर हे सगळं शेवटी नदीतच जातं. रिठा, शिकेकाई, राख, लिंबाच्या सालींचं आंबवलेलं पाणी वापरायला लागले. पहिले दोन महिने भांडी नीट निघत नव्हती, आता निघतात. उत्सवात महाप्रसादाची शेकडो ताटं घासली जातात ना? त्या पाण्याचं काय करता? तिथूनच सुरुवात करता येईल. आणि पत्रावळ पळसाची हवी. खालून प्लास्टिकचा पातळ थर असलेली पत्रावळ हातात घेऊन वाकवून बघा, चमकते आणि चिरत नाही.

---

हडसनकाठी

न्यू जर्सीत राहतो, माहेर सांगली (म्हणजे बायकोचं, माझं मिरज). कृष्णेचंच पाणी. इथली एक गोष्ट सांगतो, कारण घाटपायरीताईंचा प्रश्न इथे साठ वर्षांपूर्वी एका गवयाला पडला होता.

पीट सीगर, बँजो वाजवणारा लोकगायक, हडसन नदीकाठी बीकन गावाजवळ राहायचा. साठच्या दशकात या नदीत गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण सरळ यायची. त्याने आणि मित्रांनी ठरवलं की एक जुन्या घडणीचं शिडाचं जहाज बांधायचं, पूर्वी या नदीवर मालवाहतूक करायची तसं. लोकांना नदीवर न्यायचं, मग लोक नदीकडे बघतील. पैसे कुठून आणायचे? काठावरच्या गावांत गाण्याचे कार्यक्रम केले, त्यातून पैसे उभे केले. १९६९ च्या मे महिन्यात "क्लिअरवॉटर" पाण्यात उतरलं. १०६ फूट लांब. खलाशी म्हणून स्वयंसेवक, त्यातले अनेक गाणारे. धक्क्याला लागलं की काठावर गाणी. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत स्ट्रॉबेरीचा उत्सव, शरदात भोपळ्यांचा. दिवसा शाळेची मुलं जहाजावर. ती जाळं ओढतात, सापडलेले मासे बघतात आणि परत सोडतात, पाणी तपासतात. आजही.

बाटलीकाकांना मुद्दाम सांगतो, हे लोक गाण्यावर थांबले नाहीत. जहाज वॉशिंग्टनला नेऊन खासदारांपुढे नदीची बाजू मांडली. १९७२ साली स्वच्छ पाण्याचा कायदा झाला, तोही अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार संसदेने मोडून काढून. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी नावाचं विषारी रसायन नदीत गेलं होतं, सुमारे १३ लाख पौंड. ते तळच्या गाळात बसलं. तो गाळ उपसायला २००९ उजाडलं, आणि उपसा २०१५ पर्यंत चालला. म्हणजे जहाज पाण्यात उतरल्यापासून चाळीस वर्षांनी. सीगर २०१४ मध्ये गेला, ९४ वर्षांचा होऊन. एवढी वर्षं माणसं टिकून राहिली ती कशाने? मला वाटतं, दरवर्षी नदीवर एकत्र येऊन गाण्याने. नुसत्या अहवालांवर कुणी चाळीस वर्षं थांबत नाही.

मी मुलीला घेऊन एकदा त्या जहाजावर गेलो. शीड वर ओढताना सगळे एका लयीत दोर ओढतात, गात गात. मला मिरजेच्या घाटावरची नाव आठवली. मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या नदीवर पण असं आहे का?" मी म्हटलं, वाईला कृष्णाबाईचा उत्सव आहे. तिला अजून दाखवलेला नाही.

---

गोदातीरी

नाशिकहून थोडक्यात. पाडव्याच्या आधी गोदाघाटावर पाडवा पटांगणात महारांगोळी, ढोलांचं महावादन, अंतर्नाद असं सगळं असतं. शेकडो कलाकार एका वेळी गातात-नाचतात. अंगावर काटा येतो.

पण आमचा धडा वेगळा आहे. गर्दीची सोय म्हणून रामकुंडाच्या परिसरात पात्राच्या तळाला काँक्रीट झालं. नदीचे आतले झरे त्याखाली गेले. ते काढा म्हणून लोकांना न्यायालयात जावं लागलं. ताई, उत्सव मोठा होईल, लोक वाढतील, मग कुणीतरी म्हणेल की घाट रुंद करू, फरशी टाकू, पात्रात ओटा बांधू. त्या दिवशी "नको" म्हणायची तयारी आत्तापासून ठेवा. २०२७ चा सिंहस्थ आमच्या डोक्यावर आहे, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

---

ध्वनिवाला

साउंडचा धंदा आहे, छोट्या मैफली करतो. वाईच्या घाटांवर दोनदा काम केलंय.

दगडी पायऱ्या आणि समोर पाणी, त्यामुळे आवाज फार लांब जातो. दोन मोठे स्पीकर लावले की समोरच्या काठावरून आवाज परत येतो आणि शब्द चिखल होतात. दीडशे माणसांना कीर्तन ऐकू जायला बुवांना एक माइक, पेटी-तबल्याला एक, आणि दोन लहान स्पीकर, तेही पायऱ्यांच्या मध्यावर लोकांकडे तोंड करून. नदीकडे नाही. बस्स. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, रात्री १० नंतर स्पीकर बंद. पौर्णिमेच्या भजनाला तर माइकच नको. पखवाज आणि टाळ घाटावर आपोआप भरून येतात. घाटाच्या झाडांवर बगळे रात्रीला येतात, त्यांचाही विचार व्हावा.

भाडं मी घेणार नाही. कृष्णाबाईच्या मांडवात आईने माझी बारशाची ओटी भरली होती.

---

नमुना_बाटली

हडसनची गोष्ट वाचली. गाळातलं रसायन काढायला चाळीस वर्षं लागली आणि तोवर माणसं टिकली, हा मुद्दा मला पटला. माझ्या कामात आकडे खूप होते. त्या आकड्यांच्या मागे वर्षानुवर्षं उभी राहणारी माणसं फार कमी पाहिली. पहिल्या प्रतिसादातलं एक वाक्य मागे घेतो.

आता फलकाचं. विरघळलेला प्राणवायू मोजायचं छोटं किट मिळतं. बाटलीत पाणी भरायचं, किटमधली द्रावणं सांगितलेल्या क्रमाने घालायची, शेवटचं द्रावण थेंब मोजत रंग जाईपर्यंत. शाळेतली आठवीची मुलं करू शकतात. पण तीन गोष्टी पाळायच्या. एक, बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत बुडबुडा राहायला नको, नाहीतर हवेतला प्राणवायू मोजाल. दोन, दर वेळी तीच पायरी आणि तीच वेळ. तीन, वेळ पहाटेची. दिवसा उन्हात शेवाळं प्राणवायू सोडतं, दुपारी आकडा चांगला दिसतो. रात्रभर तेच शेवाळं आणि जंतू तो ओढतात, म्हणून सूर्योदयाआधी पाण्याची खरी हालत कळते. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो आणि पात्रही बारीक असतं, त्यामुळे चैत्र-वैशाखातला आकडा चुकवू नका. जिवाणूंची तपासणी मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच, ती घरी होत नाही.

नाल्याच्या वर एक नमुना, नाल्याखाली पन्नास पावलांवर दुसरा. दोन्ही आकडे फलकावर शेजारी शेजारी लिहा. खाली काहीही लिहायची गरज नाही.

---

टाळकरी

पहाटेचा नमुना घ्यायचाच आहे तर काकडआरतीची वेळ धरा. मंडळी तशीही उठलेली असतात.

---

घाटपायरी

कालच आमच्या आळीची बैठक झाली. हा सगळा धागा वहीत उतरवून नेला होता.

ठरलं ते असं. महाप्रसादाला पळसाच्या पत्रावळी, वाढप्यांनी हो म्हटलं. भांडी घासायला राख आणि रिठा, यावर बायकांत बरीच चर्चा झाली, शेवटी निम्मी भांडी तशी घासून बघायची असं ठरलं. नदीत दिवे नाहीत, पायरीवर लावायचे. निर्माल्याचा खड्डा आळीतल्या एका काकांच्या परसात. कीर्तनाच्या दोन दिवस आधी बुवांना घाट दाखवायचा. पौर्णिमेच्या भजनाला दोन आळ्यांनी होकार दिला आहे, बाकीच्या म्हणाल्या, "तुमचं बघू, मग ठरवू." हेही चालेल.

फलकावर मात्र वाद झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, "देवीच्या मांडवात तिच्या पाण्याची घाण लिहून लावणार?" थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग माझ्या सासूबाई, ज्या बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत, म्हणाल्या, "आई आजारी असली तर तिचा ताप आपण बघत नाही का?" फलक लागणार आहे.

एक गोष्ट मनात धरली आहे. गुरू कन्या राशीत गेला की कृष्णेचा कन्यागत पर्वकाळ असतो, बारा वर्षांनी एकदा. मागचा २०१६ मध्ये झाला, नृसिंहवाडीला केवढी गर्दी होती. पुढचा २०२८ मध्ये. वाईचं पाणी वाहत सांगली आणि नृसिंहवाडीपर्यंत जातंच. तोपर्यंत सातही घाटांवर फलक लागलेले असावेत आणि नाल्याबद्दलचा अर्ज सातही आळ्यांच्या सह्यांनी गेलेला असावा. पंचगंगेकाठी, तुमची नदीही वाडीलाच कृष्णेला मिळते. तुमच्याकडचे आकडेही पाठवाल का?

बाटलीकाका, पहिला नमुना तुम्ही येऊन घेतलात तर मुलांना नीट शिकता येईल.

---

पंचगंगेकाठी

पाठवतो. त्रिपुरारीच्या पहाटेचा पहिला.

---

नमुना_बाटली

येतो. किट मी आणतो, त्यातली द्रावणं उन्हात ठेवायची नाहीत म्हणून बर्फाची पेटी लागेल. पहाटे साडेपाचला घाटावर असेन. कोणती पायरी ते आधी ठरवून तिच्यावर खूण करून ठेवा.

---

घाटपायरी

आजी ज्या पायरीवर वाकून पाणी डोळ्यांना लावायची, तीच धरू या. वरून मोजून सतरावी. चहा घरून किटलीत आणते, स्टीलचे पेले घेऊन.